१,१७१ ठेकेदारांत एक : बाबासाहेबांनी मांडलेला टेंडरचा हिशेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव निघालं की महाडचं तळं आठवतं, राज्यघटना आठवते, नागपूरची दीक्षाभूमी आठवते. टेंडर, अनामत, बिल, ठेकेदारी हे शब्द त्यांच्या नावाशेजारी सहसा कुणी ठेवत नाही. खरं तर आपल्या सीमाभागात हे शब्द रोज कानावर पडणारे. रस्ता कुणाला मिळाला, गटारीचं काम कुणी घेतलं, बिल अडकलं की निघालं, यावर निपाणीच्या स्टँडपासून बेळगावच्या चन्नम्मा चौकापर्यंत चहाच्या टपरीवर जेवढी चर्चा होते तेवढी क्रिकेटवरही होत नसेल.

मार्च २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळानं सरकारी ठेक्यांतल्या आरक्षणाचं दुरुस्ती विधेयक गोंधळातच मंजूर केलं. दोन कोटी रुपयांपर्यंतच्या बांधकामांत २बी प्रवर्गासाठी, म्हणजे मुस्लिमांसाठी, चार टक्के कामं राखून ठेवायची अशी त्यात तरतूद होती. बेळगावपासून दिल्लीपर्यंत वाद पेटला. धर्माच्या आधारावर असं देता येतं का, एवढ्याच प्रश्नाभोवती तो फिरत राहिला. पण ठेक्यात वाटा ही मागणीच मुळात कुठून आली? ती ऑक्टोबर १९४२ मध्ये दिल्लीत, व्हॉइसरॉयच्या टेबलावर, एका मराठी माणसानं लेखी ठेवली होती. त्या माणसाचं आयुष्य सरकारी बांधकामाच्या वाटेनं एकदा वाचून बघण्यासारखं आहे.

ही वाट लहानपणीच सुरू होते. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. रामजींना खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरी मिळाली. तिथं मुंबई सरकार दुष्काळी कामावर तलाव बांधत होतं आणि रामजी त्या कामावर कॅशियर होते. म्हणजे बाबासाहेबांचे वडील काही काळ सरकारी बांधकामाच्या पगारपत्रकावरचे माणूस होते, ही गोष्ट चरित्रांत असते पण नजरेतून निसटते.

१९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांनी मुलांना गोरेगावला बोलावलं. भीमराव, मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून साताऱ्याहून निघाली आणि रेल्वेनं मसूरला उतरली. हीच लाईन पुढं मिरज, घटप्रभा करत बेळगावला येते, आपल्यातले कित्येकजण आजही मसूरवरून जातात. पोरांचं पत्र वडिलांना पोचलंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं आधी मायेनं चौकशी केली. मुलं महाराची आहेत हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या भरपूर उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि तेही या अटीवर की मुलांनीच गाडी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. वाटेत पाणी मिळालं नाही. रात्री टोलनाक्यावर पोचल्यावर गाडीवानाच्या सांगण्यावरून आपण मुसलमान आहोत असं उर्दूत सांगून पाहिलं, तरी टोलवाल्यानं पाणी दिलं नाही. डबा भरलेला होता. घोटभर पाणी नाही म्हणून तो तसाच राहिला आणि पोरं उपाशी झोपली.

पुढं बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. बहुतेक वाचक त्यातल्या तहानेपाशी थांबतात, आणि ते बरोबरच आहे. पण जरा त्या गाडीकडेही बघा. दुष्काळात लोकांना मजुरी आणि गावाला पाणी मिळावं म्हणून सरकार तलावावर पैसा ओतत होतं. त्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची पोरं त्याच कामाच्या वाटेवर तहानलेली होती. आणि भाडं दुप्पट मोजूनही त्यांना नीट गिऱ्हाईक म्हणून कुणी घेत नव्हतं. रोख पैसा हातात असूनही बाजार उघडत नाही, हा धडा दहा वर्षांच्या मुलाला तिथं मिळाला.

पुढचं शिक्षण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर जातो. मुंबईचं एल्फिन्स्टन, बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, १९१३ मध्ये न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. इथं एवढंच नोंदवायचं की हा माणूस मूळचा सरकारी पैशाचा अभ्यासक. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा एक प्रबंध, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेचा विकास हा दुसरा. पैसा तिजोरीत कुठून येतो, कुठल्या खात्यात जातो आणि कुणाच्या हाती पडतो हे त्यांना बारकाईनं कळत होतं. वकिली नंतरची.

परत आल्यावर बडोद्यात लष्करी सचिवाची जागा मिळाली, तर शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत आणि राहायला घर मिळेना. मुंबईला येऊन त्यांनी एक धंदा काढला. शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी छोटी पेढी. अर्थशास्त्राची एवढी तयारी असलेला दुसरा सल्लागार त्या वेळी मुंबईत किती जणांना सापडला असता? सुरुवातीला गिऱ्हाईक आलंही. सल्लागाराची जात कळली तसं ते येईनासं झालं आणि पेढी बंद करावी लागली. मग १९१८ च्या अखेरीस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. १९२३ पासून वकिली सुरू केली तेव्हाही तीच तऱ्हा, सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला कचरत. त्यांच्या नोकरीतल्या अपमानांबद्दल आपण पुष्कळ वाचतो. व्यवसायात त्यांनी खाल्लेल्या ठोकरा मात्र दोन ओळींत उरकल्या जातात. मला वाटतं, १९४२ चं त्यांचं निवेदन नीट समजायचं तर ही बुडालेली पेढी लक्षात ठेवावी लागते.

इथं थोडं आडवळण घेतो. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं ते जोतीराव फुले स्वतः सरकारी ठेकेदार होते. पुण्याजवळच्या सरकारी बांधकामांना माल पुरवणं, कामं घेणं हा त्यांचा व्यवसाय, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध आला होता. मुंबईतले तेलुगू बोलणारे कामाठी ठेकेदार तर सत्यशोधक समाजाचा मोठा आधार होते. म्हणजे बांधकामाचा ठेका हा बहुजनांतल्या काही माणसांना एकोणिसाव्या शतकातच वर येण्याचा रस्ता ठरला होता. भाषा वेगळी, पण काम एक आणि समाजही एक. अस्पृश्यांना मात्र त्या रस्त्यावर खडी फोडायचं तेवढं काम होतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. मार्च १९२० मध्ये कागलजवळच्या माणगावात परिषद भरली. अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर, आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपती तिथं आवर्जून हजर. शाहू महाराजांनी १९०२ मध्येच संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या होत्या. गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात महाराज स्वतः जाऊन चहा घेत ही गोष्ट कोल्हापूर-निपाणीकडं घरोघरी सांगितली जाते. त्यातली गंमत अशी की महाराजांनी गंगारामांना नुसती नोकरी लावून दिली असती तरी चाललं असतं. त्यांनी त्यांच्या दुकानाचं गिऱ्हाईक होणं पसंत केलं. राजा गिऱ्हाईक झाला की बाकीचेही येतात. सरकारनं मागासांकडून माल किंवा काम विकत घ्यावं या कल्पनेचा हा घरगुती नमुनाच म्हणा.

माणगावनंतर पाच वर्षांनी निपाणी. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीत मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. तेव्हा निपाणी बेळगाव जिल्ह्यात आणि जिल्हा मुंबई इलाख्यात. तंबाखूच्या वखारींचं गाव, पैसा खेळणारं. वखारीत राबणारे हात आणि वखारीचा मालक यांच्यात किती अंतर असतं हे इथल्या माणसाला पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

निपाणीच्या मातीतून त्यांना एक माणूस मिळाला, बळवंतराव वराळे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत बळवंतराव बेळगाव उत्तरमधून मुंबईच्या विधानसभेवर निवडून गेले. धारवाडच्या विद्यार्थी वसतिगृहाचं कामही त्यांनी सांभाळलं. पुढं बाबासाहेबांच्या सांगण्यावरून औरंगाबादला जाऊन तिथल्या मिलिंद महाविद्यालयाच्या उभारणीत ते राबले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती प्रसन्न वराळे हे त्यांचे नातू, जन्म निपाणीचा. बाबासाहेबांच्या चळवळीत सीमाभागाचा वाटा किती, असं कुणी विचारलं तर हे एक घर दाखवलं तरी पुरे.

आता १९४२. जुलैमध्ये बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. आजच्या भाषेत केंद्रीय मंत्रीच. या खात्याखाली कामगारांचे प्रश्न होते तसंच केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातंही होतं, तेच ज्याला आपण सीपीडब्ल्यूडी म्हणतो. महायुद्ध ऐन भरात आलेलं. विमानतळ, बराकी, कचेऱ्या, गोदामं, सगळीकडं बांधकाम. ठेकेदारांसाठी असा हंगाम पुन्हा येणं कठीण.

२९ ऑक्टोबर १९४२ ला, म्हणजे खुर्चीवर बसून चार महिनेही झाले नसताना, त्यांनी व्हॉइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचं एक लांबलचक निवेदन दिलं. त्यात कायदेमंडळातल्या अपुऱ्या जागा होत्या, सरकारी नोकऱ्या होत्या, शिक्षणासाठी पैशाची मागणी होती. आणि एक मुद्दा असा होता ज्याकडं तोवर कुणी पाहिलंच नव्हतं : सरकारी ठेके. बांधकाम खात्याच्या मंजूर ठेकेदारांची संख्या १,१७१ होती. हिंदू, मुसलमान आणि शीख मिळून १,१७०. अनुसूचित जातींचा एक.

एक! टक्केवारी काढायला गेलं तर एक दशांश टक्काही भरत नाही. आणि ही यादी कुठल्या परक्या खात्याची नव्हती. ती त्यांच्याच हाताखालच्या खात्याची होती. मंत्री झाल्यावर माणूस आपल्या खात्याचं कौतुक सांगत फिरतो. यांनी आपल्याच खात्याचं पितळ वरच्याकडं नेऊन उघडं केलं.

यावर कुणी म्हणेल, टेंडर तर सगळ्यांना खुलं असतं, ज्याचा दर कमी त्याला काम, यात जात कुठं आली? ठेकेदारीत हात घातलेल्या माणसाला याचं उत्तर ठाऊक आहे. टेंडर भरायला आधी यादीत नाव लागतं. यादीत नाव यायला पूर्वी केलेल्या कामाचा दाखला लागतो, बँकेनं पत दाखवावी लागते, यंत्रसामग्री लागते. काम मिळालं तर अनामत अडकते, माल स्वतःच्या पैशानं टाकावा लागतो, मापं पुस्तकात चढेपर्यंत आणि बिल निघेपर्यंत मजुरांचा आठवडी पगार खिशातून जातो. ज्याच्या बापानं सावकाराकडून कधी उसनं सोडून काही आणलं नाही, ज्याला सिमेंटचा दुकानदार उधार देत नाही, त्यानं कमी दर भरायचा तरी कशाच्या जोरावर? काम केलेलं नाही म्हणून यादीत नाही आणि यादीत नाही म्हणून काम नाही. दार उघडं आहे असं म्हणायला हरकत नाही, पण उंबरा छातीएवढा उंच आहे.

निवेदनाचं पुढं काय झालं? नोकऱ्यांच्या बाबतीत झपाट्यानं झालं. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला, आणि जून १९४६ मध्ये तो आकडा साडेबारा टक्क्यांवर गेला. अनुसूचित जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, काहींना शिकायला परदेशी पाठवण्यात आलं. आजचं केंद्रातलं आरक्षण या हुकमाच्या पायावर उभं आहे.

ठेक्यांचं गाडं मात्र तसं पुढं सरकलं नाही. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात नेमणुकांमधल्या राखीव जागांची तरतूद आली. ठेक्यांतल्या वाट्याचं असं स्वतंत्र कलम आलं नाही. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते हे खरं, पण घटना एकट्याच्या मनासारखी होत नसते. घटना समितीसाठी १९४७ मध्ये त्यांनी संस्थाने आणि अल्पसंख्याकांवर जे निवेदन तयार केलं होतं, त्यात सरकारी अधिकारीच नव्हे तर कारखाने आणि व्यापारी पेढ्यांतल्या खासगी मालकांनीही वंश, धर्म किंवा सामाजिक दर्जावरून भेदभाव केला तर तो गुन्हा धरावा अशी मागणी होती. सामाजिक बहिष्कारालाही शिक्षा सुचवली होती. मसूरच्या गाडीवानापासून मुंबईच्या बुडालेल्या पेढीपर्यंतचा सगळा अनुभव त्या कलमांत उतरलेला दिसतो.

शेवटच्या वर्षांतली एक गोष्ट सीमाभागातल्या वाचकाला टोचेल अशी आहे. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. एका राज्याची भाषा एक असावी हे त्यांना मान्य होतं. एका भाषेचं एकच राज्य असावं हे मान्य नव्हतं, महाराष्ट्राचेही त्यांनी चार भाग सुचवले होते. त्यांची मोठी भीती अशी की भाषावार राज्यात एखादी मोठी जात सगळं बळकावते आणि विखुरलेल्या लहान जाती तिच्या दाराशी उभ्या राहतात. सत्तर वर्षांनंतर कुठल्याही तालुक्यातल्या मोठ्या ठेकेदारांची आडनावं वाचा आणि मग ही भीती खरी होती की खोटी ते ठरवा. नदीच्या अलीकडं वाचा नाहीतर पलीकडं, फार फरक पडणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणीसह हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागात तो काळा दिन. त्याच्या जरा आधी, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. वय ६५.

त्यांनी उचललेला ठेक्यांचा मुद्दा परदेशात वेगळ्याच वाटेनं वर आला. ज्या अमेरिकेत ते शिकले तिथं १९७७ मध्ये सार्वजनिक बांधकामाच्या केंद्रीय अनुदानातला दहा टक्के हिस्सा अल्पसंख्याकांच्या उद्योगांना द्यावा असा कायदा झाला. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. रिचमंड शहरानं याच धर्तीवर तीस टक्क्यांचा नियम केला. शहराची अर्धी वस्ती काळ्या लोकांची, पण पाच वर्षांतल्या मुख्य ठेक्यांपैकी अल्पसंख्याकांच्या फर्मना मिळालेला वाटा होता ०.६७ टक्के. १९८९ मध्ये न्यायालयानं रिचमंडचा नियम रद्द केला. वस्तीचा आकडा आणि ठेक्याचा आकडा शेजारी ठेवल्यानं भेदभाव सिद्ध होत नाही, काम करायला पात्र किती होते आणि त्यांना का डावललं हे दाखवा, असा त्या निकालाचा रोख. बाबासाहेबांच्या १,१७१ च्या आकड्यालाही असाच प्रश्न विचारता आला असता. पात्र होऊ न देणारा उंबराच मोजायचा कसा, हा मुद्दा तिथंही सुटलेला नाही.

भारतात केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण आलं. त्यात लघुउद्योगांकडून होणाऱ्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी चार टक्के राखले, पण ते माल आणि सेवांपुरतं, बांधकामाला लागू नाही. बांधकामात खरी उडी मारली ती कर्नाटकानं. १९९९ च्या सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकता कायद्यात सिद्धरामय्यांच्या पहिल्या कारकिर्दीत दुरुस्ती झाली आणि पन्नास लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के कामं राखली गेली. २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटीवर गेली. मागासवर्गीयांच्या प्रवर्ग १ ला चार आणि २ए ला पंधरा टक्के मिळून हा आकडा ४३ च्या आसपास आला. २०२५ च्या विधेयकानं त्यात २बी चे चार घातले आणि बांधकामाची मर्यादा दोन कोटी केली. राज्यपालांनी त्यावर सही न करता ते राष्ट्रपतींकडं पाठवलं.

आता यात आपण सीमाभागातले कुठं बसतो ते पाहा. अल्पसंख्याक म्हटलं की बेळगावच्या मराठी माणसाच्या मनात पहिल्यांदा भाषाच येते. ठेक्याच्या या कायद्यात भाषेला स्थान नाही. कर्नाटकात मराठा समाज ३बी प्रवर्गात आहे, लिंगायत आणि दिगंबर जैनही त्यातच, आणि ३बी ला या राखीव कामांत वाटा नाही. म्हणजे २०२५ चं विधेयक अल्पसंख्याकांचं म्हणून गाजलं तरी निपाणी-चिकोडीकडचा जैन त्यात नाही. बौद्धांची गोष्ट आणखी वेगळी. धर्मानं ते अल्पसंख्याक आहेत, आणि १९९० च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीची सवलतही त्यांना आहे. ठेक्याच्या रांगेत ते धर्म म्हणून उभे राहत नाहीत, जात म्हणून राहतात. बाबासाहेबांच्या अनुयायांच्या वाट्याला आलेला हा विचित्र योग आहे.

सगळ्यात मोठी गंमत दगड फोडणाऱ्यांची. वडार समाजाशिवाय या भागातलं एकही धरण, एकही जुना पूल उभा राहिला नसता. निपाणीचा वडार कर्नाटकाच्या यादीत अनुसूचित जातीचा. वीसेक किलोमीटरवर कागलात राहणारा त्याचा मेव्हणा महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जातीचा. बेरडांचंही तसंच, इकडं अनुसूचित जमात आणि तिकडं विमुक्त. घण एकच, दगड एकच, लग्नाची वऱ्हाडं इकडून तिकडं जातात. पण कोगनोळीचा नाका ओलांडला की दाखला बदलतो आणि राखीव टेंडर भरायचा हक्कही.

या कायद्याची एक काळी बाजूही आहे. राखीव काम नावावर एकाचं, जेसीबी दुसऱ्याचा, पैसा तिसऱ्याचा, आणि ज्याच्या नावावर काम त्याला सहीपुरता हिस्सा, अशी कुजबुज जिथं जिथं राखीव ठेका आहे तिथं ऐकू येते. ती सगळीच खोटी असेल असं मानणं भोळेपणाचं. पण म्हणून कायदा मोडीत काढा म्हणणारे खुल्या टेंडरमधल्या साखळीबद्दल कधी एवढं हळहळत नाहीत. उधारीवर सिमेंट, बँकेची पत आणि बिल वेळेवर, या तीन गोष्टी मिळाल्या तर नाव भाड्यानं द्यायची वेळ पुष्कळांवर येणार नाही. टक्का राखून ठेवणं त्यामानानं सोपं, ही तीन कामं अवघड. म्हणूनच त्यांच्यावर विधिमंडळात गोंधळ होत नाही.

राहिला तो बाबासाहेबांचा मूळ प्रश्न. यादीत किती, आणि त्यांत कुणाचे किती? बेळगाव जिल्ह्यात बांधकाम खात्याकडं नोंदणीकृत ठेकेदार किती, कुठल्या वर्गात किती, गेल्या पाच वर्षांत राखीव कामं किती निघाली आणि त्यांतली किती पूर्ण होऊन बिल निघालं, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मागता येतं. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा लागतो. म्हणजे निपाणीहून अर्ज करणाऱ्याला तो मराठीत लिहून चालणार नाही, इंग्रजी, हिंदी किंवा कन्नडमध्ये लिहावा लागेल.